रोहूचा खुराक बदलणारे सदाशिवराव

मत्स्य खात्याचे साहेब येणार म्हणून आम्ही कशेळ्याच्या एसटी थांब्यावर उभे होतो. सदाशिवराव उतरले ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं मडकं छातीशी धरून. मडक्यात रोहू माशांची पिल्लं होती. नमस्काराला हात मोकळे नव्हते, म्हणून नुसते हसले. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. तेव्हा जडलेला स्नेह त्यांच्या साठीपर्यंत टिकला, हे माझं भाग्य.

त्यांच्या शब्दावर हिराबाईंनी भाताच्या चांगल्या खाचरात तळं खोदलं. विधवा बाई, दिरांचा विरोध. पिल्लं मोठी झाली, तेव्हा मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, इथंच तयार करायचं ठरलं. माद्यांना शेंगदाण्याची पेंड भरपूर घाला, असं सदाशिवरावांनी सांगितलं. मग काय, बाळंतपणाला लेक माहेरी आल्यासारखे गावाने माद्यांचे लाड केले. घराघरांतून पेंड येई. माद्या गुबगुबीत झाल्या आणि आम्ही सगळे खूश.

आषाढात माद्यांना अंडी घालण्यासाठी औषधाची इंजेक्शनं देऊन नरांसोबत कापडी हौदात सोडलं. सकाळी एक अंडं नव्हतं. मेलेली एक मादी सदाशिवरावांनी चिरली. पोटात पिवळट चरबीचे थर आणि अंडाशय अगदी बारीक. दीर म्हणाले, तळं बुजवा. पाण्याला किंवा औषधाला दोष देऊन साहेबांना सुटता आलं असतं. ते सर्वांसमोर म्हणाले, “चूक माझी आहे. खुराक मी ठरवला होता.”

हिराबाई म्हणाल्या, “सायेब, तुमी खरं बोललात, पळून नाय गेलात. आजून एक पावसाळा ठेवते मी तळं.”

वर्षभर सदाशिवरावांनी पेंड मोजकी ठेवली, भाताचा कोंडा वाढवला आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, पूड सुरू केली. अंगावर चढणारी चरबी वेगळी आणि अंड्यात उतरणारी वेगळी, असं ते समजावत. जवळा ते स्वतः खोपोलीहून आणत. एसटीत त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे, याची त्यांना मोठी मौज वाटे.

पुढच्या आषाढात हौद अंड्यांनी भरला. हिराबाई काठावर मटकन बसल्या. दीरच वाकून अंडी बघत होते. मला रडू आलं, ते लपवत नाही.

आज खालापूरपर्यंत कित्येक तळ्यांत ते बीज वाढतं आहे. खुराक बदलायचा झाला की लोक अजूनही त्यांचंच दार ठोठावतात, आणि माहीत नसेल तर ते सरळ ‘माहीत नाही’ म्हणतात. असं सांगणारा माणूस आम्हाला अजून पुष्कळ वर्षं हवा आहे. सदाशिवरावांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो.