आत्तीची गिटार मी बंद केली

"मांडीवरलं लेकरू चारचौघांत काय बी बोलंल. म्हणून त्याच्या तोंडावर हात ठिवायचा नसतोय."

मी तेव्हा लहान होते. आत्ती, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, स्टील गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवत होती आणि मी गंमत म्हणून तारांवर तळहात दाबला होता. तेव्हाचं तिचं हे वाक्य... परवाच्या रविवारपासून डोक्यातून जात नाहीये.

आत्ती गिटार शिकली गल्लीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून. पण कान तयार झाला तो रेडिओवरचं शास्त्रीय गाणं ऐकून. डाव्या हातातली स्टीलची कांडी ती तारांवरून अशी सावकाश सरकवते, की एखादा बुजुर्ग गवई आलाप घेतोय असं वाटावं.

आपण डोळे मिटून बसावं... आणि त्या आलापातून हळूच निघावी भंगारवाल्याची आरोळी! नाहीतर शेजारच्यांच्या मोबाईलची रिंगटोन. थट्टा म्हणून नाही हं. अगदी मन लावून, रागात बसवून वाजवायची.

आमच्या घरात तो खेळच होता. आता काय निघणार ते ओळखायचं. बाबा सगळ्यांच्या आधी ओळखायचे आणि ओरडायचे, "घावला! भंगारवाला आला की गं दारात!"

रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. सकाळी नृसिंहवाडीला जाऊन विधी केले आणि संध्याकाळी कळंब्याच्या आमच्या घरी छोटी बैठक ठेवली. आत्तीनं बाबांसाठी वाजवावं, एवढंच मनात होतं.

एवढंच... असं म्हणतेय, पण खरं नाही ते. मी 'स्वरांजली' असं छापून व्हॉट्सअॅपवर निमंत्रणं पाठवली होती. ऑफिसमधले साहेब आणि त्यांच्या मिसेस येणार होते, दोघंही गाण्यातले दर्दी. त्यांच्यासाठी पुढे खुर्च्या मांडल्या होत्या.

आत्तीला मी आधीच बजावलं होतं, अभंगच वाजव. ती म्हणाली, "बघू की."

सुरुवात फार सुंदर झाली. साहेबांनी डोळे मिटले, त्यांची मान डोलायला लागली. आई भिंतीला टेकून बसली होती, वर्षभर जशी बसते तशीच, कुठेच लक्ष नसल्यासारखी. मला आपल्याच घराचा अभिमान वाटत होता...

आणि मग आलापातून ती चाल बाहेर आली.

फार पूर्वी रेडिओवर एका दंतमंजनाची जाहिरात लागायची. तिची चाल. बाबा रोज आंघोळ करताना तीच गुणगुणायचे, शब्द कधीच विसरलेले, नुसतं ला ला ला. थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला की त्यांचा सूर दचकायचा, कापायचा आणि पुन्हा चालीवर यायचा. आत्तीनं कांडी थरथरवून तो दचकलेला सूरसुद्धा घेतला.

साहेबांच्या मिसेस खुदकन हसल्या. साहेबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मागे कुणीतरी म्हणालं, "आयला, मंजन!"

मला ती चाल ओळखू आली नाही, असं म्हणायची सोय नाही. त्या खोलीत सगळ्यात आधी मी ओळखली. आणि ओळखली म्हणूनच लाजले... बाबांची मोरी मी पाहुण्यांसमोर उघडी टाकलीय असं काहीतरी वाटलं.

गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, अॅम्प, माझ्या पायाशीच होता. मी वाकले आणि आवाजाचं बटण शून्यावर नेलं.

आत्तीचा हात क्षणभर चालूच राहिला. आवाज गेलेल्या तारा नुसत्या किणकिणल्या. मग ती थांबली, आणि मी हसत हसत म्हणाले, "आता आत्ती अभंग वाजवणार आहे हं."

तेवढ्यात आई बोलली. तिचे डोळे बंद होते, चेहरा मोरीच्या दाराकडे.

"बंद का केलंस गं? हे आत्ता कुठं आंघुळीला गेलते..."

आईनं डोळे उघडले, खुर्च्या बघितल्या, माणसं बघितली आणि पदर नीट केला.

आत्तीनं कांडी फडक्यात गुंडाळली, गिटार पिशवीत घातली. रागावली नाही. जेवली, आमटी झकास झालीया म्हणाली. निघताना दारात मला एवढंच म्हणाली, "तुझ्या सायबास्नी सांग, म्हातारीच्या बोटास्नी मुंग्या आल्यात्या."

म्हणजे जाता जाता तिनं माझीच अब्रू झाकली. आणि मी मात्र तिची...

त्यानंतर फोन केले. तार तुटलीया म्हणते. दुसरी आणून देते म्हटलं तर म्हणाली, "नगं. आता बास झालं वाजवणं."

साहेबांना अभंग ऐकायला मिळाला नाही, ते विसरूनही गेले असतील. आई मात्र रोज संध्याकाळी मोरीच्या दाराकडे तोंड करून बसते. वर्षभरात तिला बाबा एकदाच भेटले, आणि त्यांना घालवलं मी.

आत्ती, तू फेसबुकवर आहेस. लाईक करत नाहीस, पण सगळं वाचतेस हे मला माहीत आहे. म्हणून चारचौघांतच विचारते, कारण चूकही चारचौघांतच केली.

या रविवारी येशील? खुर्च्या नसतील, साहेब नसतील. आई, तू, मी, आणि अॅम्प तुझ्या हाताशी. अभंग नको. मी बटण फिरवलं तिथून पुढे वाजव, शेवटच्या तांब्यापर्यंत.

तू 'न्हाय'च म्हणशील. तरी विचारते... बाबांची आंघोळ अर्धी राहिलीय गं. पुरी करतेस?