सारखंच दिसतंय

कॅल्क्युलेटरचे बाबा चष्म्याच्या दुकानात दिवसभर तोच तो प्रश्न विचारायचे. गिऱ्हाइकाला उंच स्टुलावर बसवायचं, नाकावर तपासणीची जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, मग ती काढून दुसरी घालायची आणि म्हणायचं, "हे बरं, का ते बरं?" एवढ्याशा प्रश्नाला भलीभली माणसं घाबरतात. चुकीचं उत्तर दिलं तर चष्मेवाले रागावतील असं त्यांना वाटतं. काहीजण तर वाट बघता बघता समोरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून ठेवतात. शेवटी गिऱ्हाईक म्हणतं, "दोन्ही सारखंच दिसतंय," आणि बाबा खूश होतात. दोन काचांत फरक उरला नाही, म्हणजे बहुतेक वेळा नंबर सापडला.

कॅल्क्युलेटर हे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं टोपणनाव. ते मामाने ठेवलेलं. लहानपणी ती दुकानात काचांची पाकिटं लावता लावता त्यांच्यावरच्या आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्या पुटपुटायची, ते त्याने एकदा ऐकलं आणि झालं. त्यानंतर घरी पाहुणे आले की मामा तिला मध्ये उभं करून मोठमोठे गुणाकार घालायचा. पाहुणे तोंडात बोटं घालायचे आणि आईची मान ताठ व्हायची. कौतुक कुणाला नको असतं? तिलाही ते आवडायचं. पण तिला आकडे आवडतात की टाळ्या, हे बघायची कुणालाच कधी गरज पडली नाही.

कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित आणि कॉम्प्युटर दोन्ही होतं. वर्ष संपताना त्यातला एक मुख्य विषय निवडून पुढे जायचं, असा तिथला नियम. तिथेच गाडी अडली, आणि अडली हेसुद्धा तिला लवकर कळलं नाही. ती वेळेवर जायची, खिडकीजवळच्या बाकावर बसायची. कॉम्प्युटरच्या तासाला लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालायचा, ती तो बंद करायची. गणितातली सिद्धता समजायची, ती पान उलटायची. जमत सगळंच होतं, पण आत काही हलत नव्हतं. डब्यातली भाजी कोणती होती हे तिला संध्याकाळी आठवायचं नाही. नापास झाली असती तर घर खडबडून जागं झालं असतं, पण चांगले मार्क मिळवणाऱ्या पोरीला कोण विचारतंय?

सल्ले मात्र पोत्याने मिळाले. मामा म्हणाला, "कॉम्प्युटर घे, अगदी डोळे झाकून." चष्मेवाल्याच्या घरात बसून हे बोलायला त्याला काही वाटलं नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, "तू गणित सोडलंस तर मला फार वाईट वाटेल हं." ती मान खाली घालून उभी राहिली. आपल्यालाही आता वाईट वाटायला हवं, एवढं तिला कळत होतं. आईचं म्हणणं सोपं होतं. काहीही घे, पण वर्ष वाया जाता कामा नये. काकाचं कधीकाळी एक वर्ष गेलं होतं आणि त्या घरात त्याचा उल्लेख अजूनही एखाद्या आजारासारखा हळू आवाजात व्हायचा.

निवड कळवायची मुदत संपत आली तेव्हा बाबांनी जेवताना विषय काढला.

"बोल बाळा. गणित बरं, का कॉम्प्युटर बरं?"

"दोन्ही सारखंच वाटतंय, बाबा."

बाबा खुशीत पाणी प्यायले. "मग अडलंय कुठे? नंबर सापडला की! दोन्ही सारखं असेल तर कुठलंही घे. मामा म्हणतोय तर कॉम्प्युटर घे."

"बरं," ती म्हणाली. आईने तिच्या पानात अजून एक पोळी वाढली. ती तिने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून ती दुकानात काचा द्यायला बसली. कॉलेजात उद्या जायचं आणि कॉम्प्युटर सांगून यायचं, असं ठरलं होतं. दुपारी पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या आजी आल्या. सुईत दोरा जात नाही, ही त्यांची तक्रार. बाबा काच मागत गेले, ती देत गेली.

"हे बरं, का ते बरं?"

"सारखंच आहे हो."

बाबांनी पेन उचललं. मग नेहमीच्या सवयीने थांबून त्यांनी विचारलं, "आजी, सारखं स्वच्छ, का सारखं धूसर?"

आजींनी पदर सारखा केला. मग ओशाळून म्हणाल्या, "धूसरच आहे. मघापासून तसंच दिसतंय. तुम्ही एवढ्या काचा बदलताय, म्हटलं कशाला उगाच त्रास द्यायचा."

बाबांनी चौकट हळूच उतरवली. "मग काचा बदलून काही होणार नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. चष्म्याचं नंतर बघू, घाई नाही." त्यांनी डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि पायरीपर्यंत त्यांचा हात धरला.

ते परत आले तेव्हा मुलगी अजून काच हातात घेऊन उभी होती.

"बाबा, मलाही धूसरच दिसतंय."

"अगं, मग बोलायचं नाही का? बस, लगेच तपासतो." बाबांनी काचांची पेटी पुढे ओढली.

"डोळ्यांचं नाही. विषयांचं म्हणतेय. काल तुम्ही दुसरा प्रश्न विचारलाच नाहीत."

बाबांचा हात पेटीवरच राहिला. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला न चुकता विचारलेला प्रश्न ते घरी जेवताना विसरले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. स्टूल ओढून ते तिच्यासमोर बसले.

"कधीपासून?"

"माहीत नाही. वर्षभर असेल. आधी वाटलं, गणिताचा कंटाळा आलाय. मग वाटलं, कॉम्प्युटरचा. पण जेवणाचंही तसंच आहे. मैत्रिणींचंही."

ती हे एखाद्या गिऱ्हाइकाचा निरोप सांगावा तशा आवाजात सांगत होती, आणि त्या आवाजानेच बाबा घाबरले. त्यांनी पेन काढलं, मघाचीच चिठ्ठ्यांची वही पुढे घेतली. कुणाचं नाव लिहावं ते त्यांना सुचेना.

"याचे डॉक्टर कोण, ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "आपण शोधू."

तेवढ्यात आईचा फोन आला. दुकान लहान असल्यामुळे पलीकडचा आवाज मुलीलाही ऐकू येत होता. उद्या कॉलेजात कितीला जायचंय, आणि कॉम्प्युटर नक्की ना?

बाबांनी मुलीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले नाहीत, की मानही हलवली नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

"काही नक्की नाही," ते फोनवर म्हणाले. "पोरीला पुढचं दिसत नाहीये. उद्या मी जातो तिच्याबरोबर, थांबता येतं का विचारतो."

"आणि नाही म्हणाले तर? वर्ष जाईल तिचं."

"गेलं तर गेलं," बाबा म्हणाले, आणि हे त्यांनी मुळीच हळू आवाजात म्हटलं नाही.

मुलीने काच पुसली आणि परत पाकिटात ठेवली. मग तिने सकाळपासून पहिल्यांदाच सांगितलं की तिला भूक लागली आहे.