अण्णा, याला हात लावू नका

आमचे अण्णा रंगारी होते. लोकांच्या घराच्या भिंती रंगवायचे. पुढं डोळ्यांचं दुखणं लागलं आणि कडेकडेनं काळं होत आलं, जसा एखादा फोटो चारी बाजूंनी जळत यावा तसं. शेवटी मधे शर्टाच्या बटणाएवढा उजेड राहिला होता, तोही एक दिवस गेला. अण्णा म्हणाले, "चला, सगळ्या भिंतींना एकच रंग लागला." आणि हसले. बाकी कोणी हसलं नाही.

घरात सोबतीला वहिनी. मी परगावी, दादा ट्रकवर, आज इथं तर उद्या तिथं, त्याचं घरी असणं म्हणजे पाहुण्यासारखं. वहिनी घरीच इस्त्रीची कामं घेते. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट दुमडून घातलेलं, खाली गिऱ्हाइकांची गाठोडी, आणि टेबलाच्या पलीकडं अण्णांची खुर्ची. दिवसभर दोघं तिथंच. अण्णांना बसून खायची सवय नव्हती, म्हणून वहिनी इस्त्री झालेले शर्ट त्यांच्याकडं सरकवायची आणि ते चाचपून वरची बटणं लावून द्यायचे. एखादं तुटलेलं असलं तर लगेच सांगायचे, "सूनबाई, ह्याचा एक दात पडलाय."

अण्णांना नाद म्हणाल तर एकच, ग्रंथाचा. शनिवारी संध्याकाळी त्यांचा अभ्यासवर्ग असायचा. आळीपाळीनं एकेकानं एक अध्याय घरून वाचून यायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचा. डोळे गेल्यावर औषधवाले काका, म्हणजे ज्यांचं औषधाचं दुकान आहे आणि वर्गही तेच चालवतात, ते अण्णांना म्हणाले, "तुम्ही खूप सांगितलंत, आता निवांत बसून ऐका." चांगल्या मनानंच म्हणाले. पण रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "निवांत बसायला पुढं भरपूर वेळ मिळणारच आहे की. आत्तापासून कशाला?"

वहिनीच्या ते काळजाला लागलं.

दुसऱ्या दिवशी गाठोडी पोचवायला गेली तशी ती कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडं थांबली. त्यानं फोनमधे ग्रंथाचं अ‍ॅप घालून दिलं. त्यात ग्रंथ वाचता येतो आणि वाचताना मनात आलेलं नोंद करून ठेवता येतं. आणि फोन बोलका करून दिला. म्हणजे बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो, आणि पाहिजे असेल तर दोनदा टकटक करायचं. आतून एका बाईचा आवाज यायचा, अगदी कडक. अण्णांनी तिचं नाव ठेवलं मास्तरीण.

मास्तरीण ग्रंथ छान वाचायची. पण नोंदींच्या पानावर गेलं की तिचं गाडं अडायचं. तिथं सगळी चित्रांची बटणं, आणि चित्राला काय म्हणायचं हे तिला कोणी शिकवलेलंच नाही. बोट फिरवलं की नुसतं, "बटण, नाव नाही. बटण, नाव नाही."

अण्णा वैतागले. "शर्टाला बटण असतं तर शेजारी काज तरी असतं. हिच्याकडं बटणंच बटणं."

वहिनीनं परत मोबाईलवाल्याला गाठलं. तो म्हणाला, नावं आपणच द्यायची. बटण दाबून धरायचं आणि नाव टाइप करायचं, मग ती तेच बोलेल.

आता वहिनीचं शिक्षण म्हणजे दोन-चार इयत्ता. आपली अक्षरं लावून लावून वाचते, इंग्रजी तर अजिबात नाही. पण चित्रं तिला दिसत होती. इस्त्री थंड करून ती बसली आणि एकेका बटणाचं बारसं केलं. पेन्सिल होती तिथं "लिहा". भिंग होतं तिथं "शोधा". तीन आडव्या रेघा होत्या, त्यांचं काय करायचं कळेना, तर "तीन रेघा". एक बदाम होता तिथं "हे काय ते माहीत नाही". कचऱ्याचा डबा दिसला तशी ती घाबरली आणि लिहिलं, "अण्णा, याला हात लावू नका". आणि एक पेटी होती, तिच्यात वरून बाण जात होता. तिथं तिनं लिहिलं "पेटीत ठेवा".

अण्णांनी बोट फिरवलं आणि मास्तरणीनं कडक आवाजात सांगितलं, "अण्णा, याला हात लावू नका, बटण."

अण्णा खुर्चीत हलून हलून हसले. "मास्तरणीच्या तोंडून सून रागावतेय."

"मग लावू नका हात."

"लिहून झालं की काय करायचं?"

"पेटीत ठेवायचं. दागिने कुठं ठेवतात?"

त्या शनिवारी अण्णांनी वर्गात आपली पाळी मागितली. औषधवाले काका गडबडले, कारण पुढचा अध्याय नेमका उजेडाचा होता. त्यात डोळे असलेल्यांचं आणि नसलेल्यांचं बरंच काय काय येतं. ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही त्याच्या पुढचा घ्या ना." अण्णा म्हणाले, "अहो, जन्म गेला उजेड बघून रंग लावण्यात. हाच द्या."

मग घरात तेच सुरू. टेबलावर वाफ निघतेय, मास्तरीण अध्याय वाचतेय, मधेच अण्णा तिला थांबवून विचारायचे, "सूनबाई, काय कळलं?"

"मला काय कळणार, मी कॉलर करतेय."

"कॉलर हातानं करतेस, कानानं नाही."

मग ती काहीतरी बोलायची, आणि अण्णा फोन तोंडाशी धरून पुटपुटायचे. बोललेलं लिहिलं जायचं, आणि झालं की पेटीत. परत उघडून ऐकायचे नाहीत. म्हणायचे, "पहिला हात वाळू द्यावा. ओल्यावर ओलं लावलं की पोपडे धरतात. शनिवारी सगळं एकदम ऐकीन."

शनिवार आला. सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून अण्णा खुर्चीत बसले आणि नोंदी उघडल्या. मास्तरीण म्हणाली, "नोंदी नाहीत."

परत उघडल्या. "नोंदी नाहीत."

वहिनीनं फोन घेतला. पान पांढरंफटक. नावं तिनं दिलेली, कुठं काय दाबायचं ते तिनं सांगितलेलं.

"अण्णा, माझंच काहीतरी चुकलं."

अण्णांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाले, "तुझं नाही चुकलं. माझाच हात कुठं लागला असेल. काकांना फोन कर, म्हणावं अण्णांना बरं नाही."

"असं कसं म्हणू?"

"मग खरं सांग. म्हणावं आंधळ्याला जमलं नाही." रागानं बोलले असते तर बरं, असं वहिनी अजून म्हणते. साध्या आवाजात बोलले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

वहिनीनं फोन काही केला नाही. मोबाईलवाल्याकडं पळत गेली तर दुकानाला कुलूप. घरी आली, टेबलाशी उभी राहिली. समोर गाठोडी. तिला वाटलं, आपल्याकडं कधी एखादा शर्ट हरवला तर आपण काय करतो? शर्टाला पाय फुटत नाहीत. तो दुसऱ्याच्या गाठोड्यात गेलेला असतो. एकेक गाठोडं सोडायचं, आणि जे आपण कधी सोडत नाही ते आधी.

कधीच न उघडलेलं काय होतं, तर तीन रेघा. तिनं उघडलं. आत मात्र सगळं इंग्रजी, तिला ओ की ठो कळेना. मग ती अण्णांच्या खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि अण्णांसारखं एकेक बोट सरकवत गेली. मास्तरीण काय काय इंग्रजी बोलत गेली, कशाला काही अर्थ लागेना. पण एका शब्दाच्या मागं ती आकडा बोलली. बाकी कशाच्याच मागं आकडा नव्हता. वहिनी म्हणाली, आकडा आहे म्हणजे मोजायला काहीतरी असणार. दोनदा टकटक केलं.

मास्तरीण अण्णांचंच बोलणं बोलायला लागली. "रंग दुकानात पसंत करू नये. भिंतीवर तळहाताएवढा लावावा, सकाळी बघावा, संध्याकाळी बघावा."

पेटी म्हणजे खरंच पेटी होती, नोंद समोरून काढून आत वेगळी ठेवायची. अण्णा रोज इमानेइतबारे नोंद तिच्यात टाकायचे आणि ती झाकण लावून माळ्यावर जायची. गेलं काहीच नव्हतं.

वहिनी फोन तसाच बोलता घेऊन आत गेली. अण्णा उठून बसले. एक नोंद पुरती ऐकून घेतली.

"काकांना फोन केलास ना?"

"लागला नाही."

"किती वेळा लावलास?"

"लावलाच नाही."

अण्णा म्हणाले, "बटण लाव माझं वरचं."

संध्याकाळी वहिनी त्यांना सोडायला गेली आणि दाराशीच बसली. अण्णांनी एका कानात ते वायरचं बोंडूक घातलं होतं. मास्तरीण कानात सांगायची, मग ते बोलायचे. मधे जरा थांबायला लागायचं. त्या थांबण्यात लोकांची चुळबुळ व्हायची, औषधवाले काका पुढं वाकायचे, मदत करू का असं.

आणि अण्णांनी पाणी प्यायला हात उचलला तर वायर अडकली, निसटली, फोन सावरताना बोट त्या डब्यावर पडलं, आणि भरल्या वर्गात मास्तरीण कडाडली, "अण्णा, याला हात लावू नका, बटण."

एक क्षण कोणाला काही कळेना. मग जो हशा झाला, काका तर डोळे पुसत होते. अण्णाही हसत होते. म्हणाले, "घाबरू नका, आमच्या सूनबाईंचा हुकूम आहे." आणि मग त्यांनी वायर परत लावलीच नाही. फोन गुडघ्यावर ठेवला. मास्तरीण एकेक नोंद मोठ्यानं बोलायची, सगळे ऐकायचे, आणि अण्णा त्यात भर घालायचे. थांबलं तरी कोणाला अवघडल्यासारखं होईना.

एका नोंदीला मास्तरीण म्हणाली, "सूनबाई म्हणते, सुरकुती समोरून दिसत नाही. कापड उजेडात तिरकं धरावं लागतं." सगळ्यांनी दाराकडं वळून बघितलं. वहिनीनं पदर तोंडाला लावला. तिला वाटलं होतं, आपलं बोलणं वाफेबरोबर गेलं.

पुढं मोबाईलवाला म्हणाला, त्या पेटीचं नाव बदलून देतो, चुकीचं आहे. अण्णांनी बदलू दिलं नाही. म्हणाले, "पेटीत ठेवलं आणि पेटीत सापडलं. यात चूक कुठं आहे?" त्यांची पाळी मग कधी चुकली नाही, अगदी दवाखान्यात न्यायच्या आधीच्या शनिवारपर्यंत.

आता खुर्ची रिकामी आहे. वहिनी शर्टाची बटणं स्वतःच लावते. फोन तिच्याकडंच असतो. दादा म्हणाला, तुला दिसतं की, ते बोलणं बंद कर, कटकट आहे. ती म्हणाली, राहू दे, मला वाचायला वेळ लागतो, ही भराभर वाचते. काकांनी विचारलं होतं, अण्णांची पाळी कोण घेणार, तर ती अजून हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पण इस्त्री करता करता अध्याय लावते. मधेच थांबवते, फोन तोंडाशी धरते, दोन शब्द पुटपुटते आणि पेटीत ठेवते.

पेटीच्या बटणाकडं जाताना बोट त्या कचऱ्याच्या डब्यावरून जातं. मास्तरीण म्हणते, "अण्णा, याला हात लावू नका."

वहिनी म्हणते, "नाही लावत." आणि बोट पुढं सरकवते.