दादाच्या मुठीतला गोटा

टीव्हीवर संचलन चालू होतं. छोट्याशा गाडीवरच्या क्षेपणास्त्रांच्या नळ्या आभाळाकडे रोखलेल्या होत्या. "आजी, विमान आपलं की शत्रूचं, ते या यंत्राला आधीच कळतं," नातू म्हणाला. आणि मी अकोटच्या आमच्या वावरात, ज्वारीतल्या मचाणावर जाऊन बसले.

पासष्टची लढाई नुकतीच संपली होती. माझा दादा गाडीवरच्या विमानविरोधी तोफेवर होता, तो सुटीवर आला होता. लहानपणी पाखरं राखायला आम्ही दोघंच असायचो. दादा मान खाली घालून गोफणीत गोटा भरायचा, मी आभाळ बघायची. थवा दिसला की मी ओरडायची, "सोड!" आणि तो न बघताच सोडायचा.

त्या सकाळी हुरड्याचा गोडसर वास सुटला होता. पोपटांचा थवा आला आणि मी सवयीनं ओरडले, "सोड, दादा!"

गोटा त्याच्या मुठीतच राहिला.

"तिकडंबी एक जण असाच ओरडला," तो म्हणाला. "म्या पायलंच नाई, सुमे. सोडून देल्लं. आपलंच विमान होतं."

"पडलं काय रे?"

त्यानं गोटा मचाणावर ठेवून दिला. पोपट कणसं कुरतडत राहिले, आम्ही बघत राहिलो.

दुपारी कुरतडलेली कणसं पाहून बाबा तापले. "काहून, झोपले होते काय दोघंबी?"

"मले झोप लागली, बाबा," मी म्हणाले.

तेव्हा वाटलं, दादाला सांभाळून घेतलं. पण न बघता सोडायची सवय त्याला माझ्या ओरडण्यानंच लागली होती, हे मला मचाणावर, त्यानं सांगितलं त्याच क्षणी कळलं होतं.