सहाव्या टायरपाशी थांबलेले ठोके

मे महिन्यातला मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. हजर : मी, वर्षा, वय ४९, राहणार वेरिबी, मेलबर्न, आणि माझा नवरा मिलिंद, वय ५२. तिसरं कोणी नाही. हे शेवटचं वाक्य नीट वाचा, सगळा घोळ तिथेच आहे.

या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी आजवर वाचले ते त्यातल्या चुका काढायला. पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं मानायची सवय. त्यामुळे मलाच असं काही लिहावं लागतंय याचा राग आहे, तोही नोंदवते.

मी आणि मिलिंद मेलबर्न ते पर्थ ट्रक चालवतो. दोन ट्रेलर, चौतीस टायर. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटमागच्या बंकमध्ये झोपायचं. थांबलो की उतरून लाकडी दांडक्याने एकेक टायर ठोकायचा. हवा असेल तर टणक आवाज, नसेल तर धप. ट्रेलरचे टायर जोडीने असतात, आतला बसला तर बाहेरून कळत नाही. तसाच पळवला तर तापून पेट घेतो.

हे मला शिकवलं आमच्याच कंपनीत ट्रक चालवणाऱ्या, क्रेगीबर्नच्या गिरीशदादांनी. बाकी सगळे ड्रायव्हर पुढून सुरुवात करतात. दादा मागून, डाव्या बाजूने. आणि प्रत्येक टायरला दोन ठोके. "पहिला विचारायला, दुसरा उत्तर ऐकायला. पटलं नाही तर तिसरा."

"दादा, टायर तपासताय की आरतीला उभे आहात?" मी विचारायचे.

"तू लिस्ट कर गं. मी ऐकतो."

गेल्या जूनमध्ये आमचा ट्रक आणि दादांचा ट्रक बरोबर निघाले होते. पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडे थांबलो. मिलिंद पाय मोकळे करायला लांब गेलेला, मी बंकमध्ये, पडदा ओढलेला. शेजारी दादांचे ठोके सुरू झाले... दोन-दोन, दोन-दोन. मी आतूनच ओरडले, "दादा, हळू, झोपू द्या." ते हसले आणि चौतीसच्या चौतीस टायर ठोकले. दोन तासांनी त्यांचा मागचा ट्रेलर पेटला. दादा वाचले, माल गेला. ट्रेलरचा ब्रेक सुटत नाही, चाक तापतंय, असं त्यांनी वर्कशॉपला दोनदा लिहून दिलं होतं. ते कागद कोणालाच सापडले नाहीत.

चौकशीचा फॉर्म माझ्याकडे आला. प्रश्न होता – ड्रायव्हरला टायर तपासताना तुम्ही पाहिलं का? मी लिहिलं, नाही. पडद्याआडून काय दिसणार? ऐकलं होतं, पण ऐकल्याचा रकाना नव्हता. मॅनेजर म्हणाला, "जस्ट व्हॉट यू सॉ, वर्षा. कीप इट सिंपल." त्याच आठवड्यात आम्हा दोघांचं पर्मनंट रोस्टर, म्हणजे पर्थच्या कायमच्या फेऱ्या, ठरणार होतं. मी सिंपल ठेवलं.

टायर न तपासणारा ड्रायव्हर म्हणून दादांना काढलं. लाँग हॉलवर, लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आता त्यांना कोणी घेत नाही, एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. मला एकदाच फोन केला. एकच वाक्य बोलले : "तू जागी होतीस गं."

आता तो मंगळवार. बॅलाडोनिया ते केग्युना हा सरळसोट रस्ता, त्यावरची मुरमाची पार्किंग बे. दुसरी गाडी नाही, झाड म्हणावं असं झाड नाही. इंजिन बंद. दहा मिनिटांनी उतरून टायर बघू, म्हणून मी डायरी भरत बसले. दांडकं माझ्या सीटमागे. मिलिंद बंकमध्ये.

मागून आवाज आला. ठक-ठक. मग पुन्हा ठक-ठक.

"तू आत्ताच उतरलीस?" पडद्यामागून मिलिंद.

"मी इथेच आहे."

"मग टायर कोण ठोकतंय?"

मी दोन्ही आरशांत पाहिलं. लाल मुरूम आणि ऊन. ठोके डाव्या बाजूने पुढे सरकत होते. मी मोजत होते, मोजण्यापलीकडे मला काही येत नाही. पाच टायर, दोन-दोन ठोके, टणक. सहावा... धप. धप. जरा थांबून तिसऱ्यांदा धप. मग काहीच नाही.

मिलिंद पडदा सारून बाहेर आला होता. "ही पद्धत..." एवढंच म्हणाला. नाव दोघांनीही घेतलं नाही.

उतरलो. मागच्या ट्रेलरचा, डाव्या बाजूचा मागून सहावा, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलचा आतला टायर. पार बसलेला, हात लावू देईना इतका तापलेला. बाकी सगळे ठीक. टायरांवर लाल धुळीचा थर होता. दांडकं बसलं असतं तर ठसा उठला असता. एकही ठसा नाही. मुरमावर पावलं आमच्या दोघांचीच.

शक्यता तपासल्या. तापलेलं लोखंड थंड होताना वाजतं – असं क्रमाने, दोन-दोन वाजत नाही. वारा नव्हता. डॅशकॅम इंजिनबरोबर बंद होतो, म्हणजे रेकॉर्डिंगही नाही.

टायर बदलून केग्युनाच्या रोडहाउसला पोचलो. तिथून मिलिंदने दादांच्या घरी फोन लावला. वहिनींनी घेतला. मी शेजारी उभी होते.

"वहिनी, दादा बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीये? चहा पितायत समोर. का रे?"

"काही नाही, सहज."

"सहज? अकरा महिन्यांनी?" वहिनी म्हणाल्या. "वर्षाला सांग, आठवण ठेवलीस हो, बरं वाटलं."

दादा गेलेले असते तर ही गोष्ट सांगायला सोपी होती, हे मी त्या क्षणी मनात म्हटलं. लपवत नाही. गेलेल्या माणसाची कृपा म्हणून हात जोडता आले असते. जिवंत माणूस दीड-दोन हजार किलोमीटरवर चहा पीत बसलेला असताना माझे टायर ठोकून गेलं कोण, आणि का? मिलिंद तो विषयच काढू देत नाही.

कंपनीच्या डिफेक्ट स्लिपवर विचारलं होतं – दोष कोणाच्या लक्षात आला? मी माझं नाव लिहिलं. सुपरवायझरने वेल डन म्हणून मेसेज केला.

त्या रात्री जुन्या फॉर्ममध्ये दुरुस्तीचं पत्र लिहिलं. चार ओळी. मी जागी होते, मी ऐकलं, चौतीस टायर, दोन-दोन ठोके.

मिलिंदने वाचलं. "आत्ता पाठवलंस तर पहिलं विचारतील, अकरा महिने काय करत होतीस. आणि रोस्टर जाईल, तुझं आणि माझं."

"आणि दादांचं?"

"ते तर गेलंच आहे," तो म्हणाला आणि बंकचा पडदा ओढून घेतला.

त्यानंतर आमच्या पर्थच्या तीन फेऱ्या झाल्या. पत्र ड्राफ्टमध्ये आहे. पाठवायचं राहिलंय.