हो गं आणि होगे

सरसू अंगणात एकटीच गिरकी घेई, तेव्हा तिच्या दोन्ही वेण्या आडव्या तरंगत, त्यांतली अबोली सुटून मातीत विखरे, आणि तिच्या घरात भाजल्या जाणाऱ्या कॉफीच्या बियांचा वास आमच्या पायरीपर्यंत येई... बंगळूरचं जयनगर तेव्हा इतकं नवं होतं, की घरांपेक्षा आकाशच जास्त! फुगडीला खरं तर दोघी लागतात. पण मी तिचा हात धरत नसे – मी पडले शास्त्रज्ञाची लेक, मला आठव्या वर्षीच सगळं कळत होतं!

संध्याकाळी पायरीवर बसून अप्पा सांगत – द्रव्याचं एक उलटं भावंड असतं, प्रतिद्रव्य. रूप तेच, विद्युतभार उलटा. दोघं भेटली की दोघंही नाहीशी. उरतो नुसता प्रकाश. एखादी दूरची आकाशगंगा सबंध त्याचीच असेल, कोण जाणे... लांब आहे म्हणून सुखरूप!

लांब कशाला? आमच्या कुंपणापलीकडेच सरसू होती. माझ्याच वयाची, माझ्याएवढीच, पण डावखुरी. शिवाय मी लाडानं ‘हो गं’ म्हटलं, की तिला कानडी ‘होगे’ ऐकू येई – म्हणजे ‘चालती हो’! आणखी पुरावा कशाला हवा?

एकदा ती मराठी घोकून आली. “फुगडी घालू या?”

“हो गं,” मी म्हटलं, आणि हात पाठीमागे लपवले. तिचे डोळे भरून आले. मग ती अंगणात दिसेनाशीच झाली, आणि मला जेवण गोड लागेना.

“अप्पा, नाहीसं होताना दुखतं का हो?”

“नाही बाळ. का गं?”

मी उठून थेट सरसूच्या घरी गेले, डोळे गच्च मिटले आणि तिचा डावा हात धरला. होऊ दे काय व्हायचं ते – दोघी मिळून!

काही झालं नाही. तिचा तळवा तेवढा गुळानं चिकट होता. सगळं ऐकल्यावर ती पोट धरून हसली. “हुच्ची!” म्हणजे वेडी. खरंच होते.

गेल्या वर्षी सरसू गेली. नातू सांगतो, विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकमेकांत विझली, चिमूटभर द्रव्य मागे राहिलं, आणि साऱ्या आकाशगंगा त्या चिमटीतून घडल्या. ते का राहिलं, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही म्हणे.

दुपारी भाजी निवडताना माझं कानडी आपसूक सुरू होतं. सून विचारते, “आई, कुणाशी बोलताय?”

“स्वल्प थांब गं,” मी म्हणते, “आमचं संपू दे.”