मिसिंग, आणि चार गाठी

भूतबित मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण राग कोणावर काढावा तेच कळेना, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही मूळचे उमरेडचे विणकर, आता मनीषनगरात राहतो. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, मागे त्यांची जुनी तीन सिलिंडरची कार ठेवून. आईचं डायलिसिस सुरू आहे, तिला त्याच गाडीतून नेते. बाबांनी गाडीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. मेकॅनिकने अदलाबदल करू नये म्हणून प्लगच्या तिन्ही वायरींवर नंबरासाठी सुताच्या गाठी मारल्या होत्या — पहिलीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. आईला मात्र ते एकदाही दवाखान्यात घेऊन गेले नाहीत.

यंदा उन्हाळ्यात गाडी धक्के द्यायला लागली. वाडीचे आमचे मेकॅनिक शंकरभाऊ एकेक वायर काढून बघत म्हणाले, "ताई, तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारून राहिला, पेटतच नाही. वायर काढली तरी इंजिनाले फरकच पडत नाही."

प्लग बदलले, कॉइल बदलली, गाठीवाल्या वायरी फेकून नव्या टाकल्या. तरी तेच! मंगळवारी डायलिसिसहून परतताना भर चौकात, भर दुपारी गाडी बंद पडली. मागून हॉर्न, शेजारी आई घामाने निथळतेय... आणि वर मलाच म्हणते, "काहून चिडून राहिली वं?"

गाडी कशीबशी टो करून घरी आणल्यावर मी बॉनेटवर हात आपटला. "बाबा, जन्मभर गाडी गाडी केलंत ना? आता ती तरी चालवून दाखवा." गाडी लॉक केली. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये.

गुरुवारी सकाळी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. शिलाई मशीनसारखा एकसारखा आवाज. बॉनेट उघडलं, तर नव्या वायरींवर सुताच्या गाठी. एक, दोन, तीन.

शंकरभाऊंना फोन लावला. "मी काहून बांधू, ताई? मले तं तशी गाठ येतच नाही."

आईने बोट फिरवून पाहिलं. "मागावर तुटलेला धागा जोडतात, थे गाठ हाय. त्यायचीच."

तिची डायलिसिसची पिशवी मंगळवारपासून गाडीतच राहिली होती. उचलली, तर बंदाला सूत. त्यावर चार गाठी.

हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही. गाडी छान चालतेय. पण डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने — मेल्यावरसुद्धा आईचा नंबर इंजिनानंतर, चौथा! मी कात्री घेऊन गेले, तर आईने पिशवी पोटाशी धरली.

"राहू दे वं," ती म्हणाली. "नंबर तं लागला."